राबाईची भेट: नावनोंदणीआधी विचारले जाणारे प्रश्न

उपासनेनंतर नावनोंदणीची सूचना वाचून दाखवली की त्याच संध्याकाळपासून फोन सुरू होतात. तरुण संघातली मुलं, त्यांचे आईवडील, महिला मंडळातल्या मैत्रिणी, दुसऱ्या मंडळ्यांचे (म्हणजे चर्चचे) पाळकसाहेब असे सगळे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते मी इथे एकत्र केले आहेत. आम्ही नाशिकहून निघून केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाजवळच्या राबाई परिसरातल्या एका मंडळीकडे जातो, त्या भेटीबद्दलचे हे प्रश्न आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही ट्रिप नेमकी कसली? किती दिवसांची?

प्रवास धरून बारा दिवसांची. माणसं आठ, फार तर दहा. तिकडे आम्ही लोकांच्या घरी राहतो आणि पाहुणे वाढले की यजमानांची मुलं जमिनीवर झोपतात, म्हणून दहाच्या वर कुणालाच घेत नाही.

मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने साधारण सहा तास लागतात. नैरोबीहून मोंबासापर्यंत २०१७ साली सुरू झालेली मदाराका एक्स्प्रेस ही रेल्वे आहे, ती त्सावोच्या अभयारण्यातून जाते, आणि डाव्या-उजव्या खिडकीवरून भांडू नका, हत्ती दोन्हीकडून दिसतात. मोंबासाहून पुढे राबाईला गाडीने. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

‘मिशन ट्रिप’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसलाय म्हणून आमच्या अर्जावरही तोच आहे. तिकडच्या पाळकांनी मात्र पहिल्या पत्रापासून ‘झियारा’ म्हटलं. स्वाहिलीत झियारा म्हणजे भेट. आपल्याकडच्या ‘जियारत’ शब्दाचाच हा भाऊ. मला स्वतःला तोच शब्द खरा वाटतो.

२. आफ्रिकेतच कशाला? आपल्या जिल्ह्यात गरजू माणसं नाहीत का?

आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर आपली मंडळी वर्षभर जाते आणि जातच राहील. राबाईला आपण गरज शोधत जात नाही. तिथे आपलं जुनं नातं आहे आणि ते आपणच विसरलो होतो.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. हे शरणपूर १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं ख्रिस्ती गाव. त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून गलबतांत भरून नेली जात. इंग्रजी आरमाराने अशी गलबतं पकडली की सुटलेल्यांपैकी बरेच जण मुंबईत उतरवले जात, आणि त्यांतली काही मुलं शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात येत. ती इथे शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली, इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी सुरू केलेल्या बोलण्यांतून १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध करार झाला. त्यानंतर सुटलेल्या गुलामांसाठी मोंबासासमोर एक वसाहत उभी राहिली. तिला नाव मिळालं फ्रिअरटाउन, साल १८७५. ती उभारायला पाठवले गेले शरणपूर चालवलेले रेव्हरंड प्राइस, आणि तिचा कणा झाले नाशिकला शिकलेले आफ्रिकन स्त्रीपुरुष. तिकडच्या इतिहासात त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणतात.

जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर ही त्यांतली नावं. जोन्स आणि सेम्लर यांना १८८५ मध्ये फ्रिअरटाउनला बिशप हॅनिंग्टन यांनी पाळकीय सेवेची दीक्षा दिली. जोन्स यांचं बरंच काम राबाईत झालं. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकची मुलं होती. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट देहासोबत इंग्लंडपर्यंत गेले आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीला हजर राहिले.

फ्रिअरटाउनमध्ये एक मोठी घंटा आहे. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की ती वाजवत. घंटेला स्वाहिलीत ‘केंगेले’ म्हणतात, म्हणून त्या चौकाला आजही केंगेलेनी म्हणतात. आता तिथून दिवसभर मटाटू म्हणजे तिकडच्या वडाप गाड्या हॉर्न वाजवत जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या घंटेखाली उभ्या असलेल्या एका आजोबांना मी नाशिकहून आले असं सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि ‘नासिक, नासिक’ असं दोनदा म्हणाले. आपण तिकडे का जातो, असं कुणी विचारलं की मला ते हात आठवतात.

३. त्यांना आपण खरंच हवे आहोत का? की आपणच ठरवून जातो?

हा प्रश्न विचारणाऱ्यांची नावं मी यादीत सगळ्यात आधी लिहिते.

केनियातल्या चर्चने हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वी मोठ्याने विचारला आहे. पूर्व आफ्रिकेच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे सरचिटणीस जॉन गाटू यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत, मिलवॉकी शहरात, मिशनरी मंडळांसमोर उभं राहून मागणी केली, की निदान पाच वर्षं मिशनरी आणि पैसा दोन्ही पाठवणं थांबवा, आम्हाला आमच्या पायावर उभं राहू द्या. १९७४ मध्ये लुसाकाला जमलेल्या आफ्रिकेतल्या चर्चेसच्या परिषदेने त्याला पाठिंबा दिला. आमच्या तयारीच्या पहिल्या बैठकीत या मागणीवर एक अख्खा तास बोलणं होतं. काही जणांना वाईट वाटतं. मग कुणीतरी आठवण करून देतं की आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांनीही परदेशी मिशनऱ्यांना हेच सांगितलं होतं: भजन आमचं, कीर्तन आमचं, मंडळीचा कारभारही आमच्या हातात द्या.

म्हणून आमचा नियम असा: तिकडच्या मंडळीचं लेखी आमंत्रण आल्याशिवाय तारीख ठरत नाही. कोणत्या दिवशी काय करायचं हे तेच लिहून पाठवतात. एक वर्ष त्यांनी कळवलं की पाऊस झालेला नाही, घरात धान्य कमी आहे, यंदा येऊ नका. आम्ही गेलो नाही.

४. मग तिथे दिवसभर करतो काय?

ऐकून काहींची निराशा होते, म्हणून आधीच सांगते. आपण शाळा बांधत नाही, विहीर खणत नाही, भिंती रंगवत नाही. तिकडे गवंडी आहेत, रंगारी आहेत. दहा जणांच्या विमानभाड्यात त्यांना कित्येक महिने काम मिळेल.

सकाळी यजमानांबरोबर शांबात, म्हणजे शेतात. मका आणि कसावा. कुदळीला ‘जेंबे’ म्हणतात. आपल्या हाताला अर्ध्या तासात फोड येतात आणि शेजारच्या आजी वाकून सरळ ओळ खणत पुढे जातात. दुपारी महिला मंडळाची बैठक, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थना, मुलांबरोबर गाणी. कुणी वारलं तर कार्यक्रम बाजूला ठेवून सगळे तिकडे. संध्याकाळी एकत्र बायबल वाचन, आणि ते पाळीपाळीने त्यांचे आणि आपले लोक चालवतात. आपण टाळ आणि ढोलकी नेतो. मराठी भजनाची चाल दुसऱ्या ओळीपासून त्यांच्या ढोलांवर बसते, आणि मग ते भजन आपल्यापेक्षा लांब चालवतात.

रविवारची उपासना तीन तासांची. अर्पणाच्या वेळी कुणी पैसे आणतं, कुणी केळ्यांचा घड, कुणी कोंबडी. मग वस्तूंचा तिथेच लिलाव होतो. आपल्याकडे कापणीच्या सणाला भोपळ्याचा आणि गव्हाच्या पोत्याचा होतो, अगदी तसाच. एकदा आमच्यातल्या एका काकांनी बोली लावून कोंबडी जिंकली आणि ती परत त्याच बाईला दिली. पाळकांनी नंतर त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “तिने ती देवाला दिली होती, तुम्ही तिचं देणं तिला परत केलंत.” काका दुसऱ्या दिवशी त्या बाईंकडे गेले आणि माफी मागून आले. त्यांनीच मला हे इथे लिहायला सांगितलं आहे.

५. खर्च किती येतो? मंडळी देते का?

विमानभाडं, रेल्वे, विमा, लस आणि यजमानांना द्यायचा खाण्याराहण्याचा खर्च प्रत्येकाने स्वतःचा स्वतः भरायचा. भाडं ऋतूनुसार फार बदलतं, त्यामुळे नक्की आकडा नावनोंदणीच्या वेळी देतो.

चर्चच्या ट्रस्टमधून खर्च करत नाही, आणि यामागे काटकसर हे कारण नाही. धर्मादाय ट्रस्टला आयकरात सूट मिळते ती भारतात केलेल्या कामासाठी. परदेशात खर्च करायचा तर आधी विशेष मंजुरी लागते, शिवाय परकीय चलनाच्या कायद्याचे नियम वेगळेच. दुसऱ्या मंडळ्यांच्या खजिनदारांनी हे आपल्या सीएला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी माजी सदस्य आपापल्या खिशातून वर्गणी काढतात. कुणाला मिळाली हे फक्त दोघांना माहीत असतं.

६. मी येऊ शकत नाही, पण तिकडच्या चर्चला थेट पैसे पाठवू का?

तुमच्या स्वतःच्या बँक खात्यातून पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवण्याची मुभा आहे आणि त्यात देणगीही बसते. मात्र अशा देणगीवर आयकरात सूट मिळत नाही. पाठवायचे तर मंडळीच्या खात्यात, त्यांच्या समितीला कळवून. एका माणसाच्या मोबाईलवर नको. केनियात २००७ पासून एम-पेसा आहे, भाजीवालीसुद्धा त्यावर पैसे घेते, त्यामुळे कुणाच्याही फोनवर पैसे टाकणं फार सोपं आहे. सोपं आहे म्हणूनच जपायचं. वैयक्तिक मदतीबद्दल प्रश्न १५ पाहा.

७. व्हिसा लागतो का?

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. तिला ईटीए म्हणतात. सरकारी संकेतस्थळावरच अर्ज करा. मध्यस्थांची तशीच दिसणारी पानं बरीच आहेत आणि ती दुप्पट पैसे घेतात. पासपोर्ट किमान सहा महिने चालू हवा.

अर्जात खोटं लिहायचं नाही. यजमानांना भेटायला आणि उपासनेला बसायला जाणं वेगळं, आणि प्रवचन, शिकवणी किंवा सेवाकाम करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी थोड्या दिवसांचा ‘स्पेशल पास’ असतो, दीर्घकाळ राहणाऱ्या धर्मसेवकांसाठी ‘क्लास आय’ परवाना असतो. आमच्यापैकी कुणी काय करणार हे यजमान मंडळीला आधी कळवतो, आणि कुणाला काय लागेल ते त्या इमिग्रेशन कार्यालयात विचारून सांगतात. “सगळे टुरिस्ट म्हणूनच जातात” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

८. लस कोणती? मलेरियाचं काय?

यलो फीव्हरची लस घ्यायचीच. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. त्या पिवळ्या पुस्तिकेशिवाय केनियाहून परत आलात तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू असेल, तर लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

किनाऱ्यावर मलेरिया वर्षभर असतो. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या आणि परत आल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्या. काही गोळ्या चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात, आणि घरी आलो म्हणून बहुतेक जण त्याच बंद करतात. परतल्यानंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनीसुद्धा ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: मी केनियाला जाऊन आले. आमच्यातल्या एका मुलीने हे सांगितलं नाही. चार दिवस तिच्यावर साध्या व्हायरलचे उपचार झाले आणि मग ती आयसीयूत गेली. देवाच्या कृपेने ती बरी झाली. आता प्रत्येक तयारीच्या बैठकीत ती स्वतः येऊन हे सांगते.

९. मुलांसाठी कपडे, दप्तरं, खाऊ नेऊ का?

नका नेऊ.

पहिल्या वर्षी आम्ही सत्तर दप्तरं नेली. मोठ्या हौसेने मंडळीत वर्गणी काढली होती, प्रत्येकावर मुलांसाठी मराठीतून आशीर्वाद लिहिलेली चिठ्ठी होती. शाळेत मुलं होती एकशे बारा. मुख्याध्यापिका संध्याकाळी उशिरापर्यंत कंदिलाजवळ हजेरीपट घेऊन बसल्या. कुणाला द्यायचं, एका घरातल्या दोघांपैकी कुणाला, वडील नसलेल्याला आधी की लांबून चालत येणाऱ्याला. प्रत्येक नावापुढे त्या पेन्सिलने खूण करायच्या आणि मग खोडायच्या. शेवटी त्यांनी दप्तरं कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि हळूच म्हणाल्या, “तुम्ही गेल्यावर बघते.” दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो, तर शाळेपासून दहा मिनिटांवर एक फुंडी, म्हणजे कारागीर, पायमशीनवर दप्तरंच शिवत बसला होता. वर दोरीला पाचसहा टांगलेली होती. आम्ही त्याला काही विचारलंही नव्हतं.

जुन्या कपड्यांची तर तिथे भरलेली बाजारपेठच आहे, त्याला ‘मितुंबा’ म्हणतात. जगभरातून गठ्ठेच्या गठ्ठे येतात. यजमान घरासाठी छोटी भेट जरूर न्या: नाशिकचे बेदाणे, चिवडा, घरचा मसाला. एक गोष्ट लक्षात ठेवा, केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे आणि दंड मोठा आहे. बॅगा भरताना प्लास्टिकच्या पिशव्या घरीच काढा, कापडी वापरा. विजेसाठी इंग्लंडसारखी तीन चौकोनी पिनांची प्लग लागते.

१०. भाषा येत नाही. कसं होणार?

इंग्रजी बऱ्याच जणांना येते, शाळा इंग्रजीत असतात. पण आजीआजोबांशी बोलायचं तर स्वाहिली हवी, आणि ती आपल्याला वाटते तितकी परकी नाही. दुकान तिथे ‘दुका’, गाडी ‘गारी’, विमा ‘बिमा’, हिशेब ‘हेसाबू’, रंग ‘रांगी’, बर्फ ‘बराफू’, वकील ‘वाकिली’, लाख ‘लाकी’, गोणी ‘गुनिया’. चहा ‘चाय’ आणि चपाती चपातीच. शेकडो वर्षं गलबतं इकडून तिकडे गेली, त्यांच्याबरोबर शब्दही गेले. ‘करिबू’ म्हणजे या, ‘असांते’ म्हणजे आभार, ‘पोले’ म्हणजे तुमच्या त्रासाचं मला वाईट वाटतं. ठेच लागली तरी पोले, घरात मृत्यू झाला तरी पोले. चर्चमध्ये ‘ब्वाना असिफिवे’, म्हणजे प्रभूची स्तुती होवो, म्हटलं की आमेन म्हणायचं. आपल्याला तिथे ‘मुहिंदी’ म्हणतात, म्हणजे भारतीय.

वेळेचा मात्र घोळ होतो. स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात. ‘सा न्ने’, म्हणजे चौथा तास, म्हणजे आपले सकाळचे दहा. शुभवर्तमानात तास असेच मोजलेले आहेत, त्यामुळे एकदा कळलं की मजा वाटते. कुणी वेळ सांगितली तर इंग्रजी की स्वाहिली, हे विचारून घ्या.

११. शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

अडचण येत नाही. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी. किनाऱ्यावर नारळाच्या दुधातला भात आणि नारळाच्या रसातला राजमा असतो, कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटेल. पाणी उकळलेलं किंवा बाटलीबंदच प्या. पानातलं टाकू नका. शाकाहारी आहात हे आधी कळवा, कारण पाहुण्यांसाठी कोंबडी कापली जाते आणि ती त्या घराला महाग पडते.

१२. तिथे मुसलमान पुष्कळ आहेत म्हणतात. रस्त्यावर सुवार्ता सांगायची का?

नाही. मोंबासा आणि तो किनारा शतकानुशतकं स्वाहिली मुसलमानांचा आहे. शेजारी शेजारी राहणाऱ्या माणसांनी आपली सलोख्याची रीत बसवली आहे, आणि बारा दिवसांच्या पाहुण्याने ती विस्कटू नये. पत्रकं वाटणं, चौकात कर्णा लावणं, “तुमच्यासाठी प्रार्थना करू का” म्हणून अनोळखी दारं ठोठावणं, यांतलं काहीही आम्ही करत नाही. कुणी आपणहून विचारलं तर आपली साक्ष जरूर सांगा.

राबाईचे लोक मिजिकेंडा या नऊ समाजांपैकी एक. त्यांची ‘काया’ नावाची पवित्र वनं आहेत, २००८ पासून जागतिक वारसा यादीत. आपल्या देवराईसारखीच: झाड तोडायचं नाही, वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही. ख्रिस्ती झालेल्या घरांतही कायाबद्दल आदर आहे. तिथे जाऊन अंधश्रद्धेवर भाषण देऊ नका. पूर्वी दिलं गेलं आहे आणि ते लोकांच्या लक्षात आहे.

आणखी एक. राबाई ज्या किलिफी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतं, तिथेच शाकाहोलाच्या जंगलात, २०२३ मध्ये उपास करून मरा म्हणजे येशू भेटेल या शिकवणुकीपायी माणसं मेली. चारशेहून अधिक मृतदेह उकरून काढले, त्यांत मुलं होती. तेव्हापासून अनोळखी प्रचारकाकडे सरकारही आणि शेजारीपाजारीही सावधपणे बघतात. तसं बघणं योग्यच आहे. तुम्हाला कुणी दोन प्रश्न जास्त विचारले तर शांतपणे उत्तर द्या.

१३. अनाथाश्रमाला भेट देणार का? मुलांना जीव लावायला आवडेल.

नाही, आणि हा नियम कुणासाठीही सैल होत नाही. अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, गरिबीपायी मुलं तिथे पोचतात. पाहुण्यांच्या देणगीवर संस्था चालते, म्हणून मुलं तिथेच राहणं संस्थेच्या सोयीचं होतं. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि आता मुलांना कुटुंबात परत नेण्याचं धोरण आहे. दर पंधरवड्याला नवी माणसं येऊन कुशीत घेतात आणि निघून जातात, हे त्या लेकराच्या बाजूने बघा.

मंडळीतल्या मुलांबरोबर खेळतानाही मुलाबरोबर एकट्याने थांबायचं नाही, दुसरं मोठं माणूस हवंच.

१४. मी डॉक्टर आहे. एक दिवस शिबिर घेऊ का?

केनियाच्या वैद्यकीय परिषदेचा तात्पुरता परवाना असल्याशिवाय नाही. औषधं नेण्यावरही तिकडच्या औषध मंडळाचे नियम आहेत. आणि परवाना मिळाला तरी विचार करा: रक्तदाबाची महिनाभराची गोळी देऊन आपण निघालो, तर दुसऱ्या महिन्यात ती बाई कुणाकडे जाणार? आमच्यातल्या एका नर्सताईंनी याचं चांगलं उत्तर शोधलं. त्या तिकडच्या दवाखान्यात, तिथल्या नर्सच्या शेजारी, आठवडाभर नुसत्या बसल्या आणि मलेरियाचा रुग्ण ओळखायला शिकून आल्या. गोळ्या तिथल्या नर्सनेच दिल्या.

१५. कुणी बाजूला घेऊन मुलाच्या फीसाठी पैसे मागितले तर?

हा सगळ्यात अवघड प्रसंग, आणि तो जवळपास प्रत्येकावर येतो. मागणारा खोटं बोलतोय असं समजू नका, बहुतेक वेळा गरज खरी असते. तरी तिथल्या तिथे देऊ नका. एका घराला पाहुण्याकडून मिळालं की शेजारच्या दहा घरांना प्रश्न पडतो, त्यांना का, आम्हाला का नाही. आपण निघून येतो, ती दहा घरं एकमेकांशेजारीच राहतात. “पोले” म्हणा, नीट ऐकून घ्या, आणि त्यांची परवानगी घेऊन मंडळीच्या समितीशी बोला. केनियात ‘हारांबी’ ही रीत आहे, म्हणजे सगळ्यांनी मिळून गोळा करणं. फी, दवाखाना, अंत्यविधी यांसाठी गाव जमतं. तुमचे पैसे त्या हारांबीत, इतरांच्या बरोबरीने, नाव न सांगता टाका.

अपवाद फक्त जिवावरचा. अपघात किंवा अडलेली बाळंतीण असेल तर आधी गाडी करा, समितीला मागाहून सांगा.

१६. फोटो काढू का? रील टाकू का?

विचारून काढा. मुलांचे फोटो आईवडिलांच्या परवानगीशिवाय नाहीत, आणि मुलांच्या चेहऱ्यांचे ऑनलाइन तर नाहीतच. टाकण्याआधी एक परीक्षा: याच अवस्थेत कुणी तुमच्या आईचा फोटो काढून असाच मजकूर लिहिला असता, तर तुम्हाला चाललं असतं का? फोटो छापून पुढच्या वेळी त्या घरी नेऊन द्या. याचा त्यांना खरा आनंद होतो.

१७. मुलीला एकटीला पाठवावं का? वयाची अट काय?

अठरा पूर्ण हवीत. आईवडिलांपैकी कुणी सोबत असेल तर सोळा. मुली दोघीदोघी एका घरात राहतात, अंधार पडल्यावर यजमानांशिवाय कुणीच बाहेर पडत नाही, मुलगे धरून. कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे. पंजाबी ड्रेस उत्तम, साडी त्यांना फार आवडते. तिकडच्या बायका ‘लेसो’ गुंडाळतात. त्या रंगीत कापडाच्या काठावर एखादी म्हण छापलेली असते, आणि कोणती म्हण कुणाला द्यायची हे बायका नीट विचार करून ठरवतात. तुम्हाला मिळाली तर अर्थ विचारा.

१८. मी ख्रिस्ती नाही. येऊ शकते का?

या. दोनदा असे लोक आले आहेत. उपासनेला सगळ्यांबरोबर बसावं लागेल, प्रार्थना केलीच पाहिजे असं नाही. यजमानांना मात्र खरं सांगायचं.

१९. कधी जायचं बरं?

आम्ही ऑगस्टमध्ये जातो. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबरनंतर छोटा पाऊस, डिसेंबर ते मार्च उकाडा फार. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते आणि शेतातही पाहुण्याला हाताशी घेण्याइतकी सवड असते.

२०. आपणच नेहमी जाणार का? ते आपल्याकडे कधी येणार?

आले होते, दोघं. पाळक आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा. इथे आमचा कायदा आडवा आला, तो माहीत असावा. पर्यटन व्हिसावर आलेल्या परदेशी पाहुण्याला भारतात धर्मोपदेश करता येत नाही, त्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा आहे. म्हणून आमच्याकडे त्यांनी वेदीवरून प्रवचन केलं नाही, बाकावर आमच्याबरोबर बसले. आपण तिकडे बोलतो आणि ते इकडे गप्प बसतात, याची आम्हाला खंत वाटली. त्यानंतरच्या वर्षीपासून तिकडे आमच्यातलंही कुणी प्रवचन करत नाही.

खर्च कसा केला, असंही विचारतात. त्यांच्या मंडळीने हारांबी करून अर्धं भाडं काढलं, अर्धं आमच्या माजी सदस्यांनी आपापल्या खात्यातून पाठवलं, प्रश्न ६ मध्ये सांगितलं तसं.

त्यांना शरणपूर रोडला नेलं तेव्हा संध्याकाळची गर्दी होती, रिक्षा, स्कूटर, भेळेच्या गाड्या. पाटीवरचं नाव मी वाचून दाखवलं आणि ‘शरण’ म्हणजे काय ते सांगितलं. अध्यक्षाबाईंनी पर्समधून घडी केलेली वही काढली, माझ्याकडून ते नाव देवनागरीत लिहून घेतलं, आणि खाली स्वतःच्या अक्षरात गिरवून पाहिलं. श त्यांना तिसऱ्या वेळी जमला.